मानवाकृती शिकायची तर आधी वजन बघा

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातल्या एका कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीला मानवाकृतीत, म्हणजे फिगरमधे, काम करायचं आहे. शिल्प, चित्र की फोटो, सुरुवात कुठून करावी हे ठरत नाही. मॉडेल मिळत नाही म्हणून ती मोबाइलवर फोटो शोधून त्यावरून रेखाटनं करते. नग्न मॉडेल समोर ठेवल्याशिवाय फिगर येतच नाही असं तिला कुणी तरी सांगितलंय आणि घरी तो विषय काढायची सोय नाही. वर 'आता फिगर करतं कोण?' हे ऐकून ती वैतागली आहे.

मी शिल्पकार आहे. पोटापाण्यासाठी पुतळे करतो, चित्रं हौसेनं रंगवतो, कॅमेरा कामापुरता वापरतो. त्यामुळे माझं उत्तर शिल्पाच्या बाजूला झुकलेलं असणार, ते गृहीत धरून वाचा.

माध्यम कुठलंही घ्या, पहिल्यांदा शिकायचं ते वजन. शरीराचा भार कुठून निघतो, कुठून खाली उतरतो आणि जमिनीला कुठे मिळतो, एवढं दिसायला लागलं की निम्मी फिगर आली. विद्यार्थी स्नायूंची नावं पाठ करतात, चेहऱ्यावर तासन् तास घालवतात, आणि माणूस मात्र कागदावर लटकलेला राहतो. पाय असतात, पण तो उभा नसतो.

आरशासमोर उभं राहून बघा. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहिलात तर खांदे आणि कंबर समांतर दिसतील. आता सगळा भार उजव्या पायावर घ्या, डावा गुडघा सैल सोडा. उजव्या बाजूचं कमरेचं हाड वर गेलं, डावीकडचं खाली आलं. लगेच खांद्यांनी उलटा कल घेतला, उजवा खांदा खाली उतरला. उजव्या कुशीला वळी पडली, डावी कूस ताणली गेली. आता गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधे जी खळी असते तिथून ओळंबा सोडला असं समजा. तो उजव्या पायाच्या घोट्याच्या आसपासच येईल. नाही आला तर एक तर तुम्ही कशाला तरी टेकला आहात, नाही तर पडणार आहात. चित्रातही हाच हिशेब. म्हणून फिगर काढायला बसताना पेन्सिलीच्या आधी दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि खिशात ठेवा. गवंडी त्याच्याशिवाय भिंत उभी करत नाही, आपणही माणूस करू नये.

यासाठी मॉडेल लागत नाही. पहाटे शाहू मार्केट यार्डात जा. गुळाचे सौदे चालू असतात, हमाल रवे आणि पोती उचलत असतात. पोतं पाठीवर घेताना हमाल आधी गुडघ्यात वाकतो, दुसरा त्याला हात देतो, आणि भार अंगावर आला की मान पुढे जाते, कमरेतून अंग झुकतं आणि पावलं जवळजवळ पडायला लागतात. तोच माणूस ओझं टाकून परत येताना कसा चालतो तेही बघा. तेच शरीर, तेच कपडे, पण सगळ्या रेषा बदललेल्या. वर्गात हातात काठी देऊन बसवलेला मॉडेल हे तुम्हाला दाखवू शकत नाही. भाजी मंडईत बुट्टी डोक्यावर घेणारी बाई दाखवते, गुऱ्हाळावर काहिलीत ढवळणारा गुळव्या दाखवतो. एकेका आकृतीला मिनीटभर द्या, रेघा पाच-सहा पुरेत. चेहरा काढायचा नाही, बोटं काढायची नाहीत. वही भरली की दुसरी घ्या.

आणि मग तालीम. कोल्हापुरात राहून फिगरला मॉडेल मिळत नाही ही तक्रार मला जरा गमतीची वाटते. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी ज्या गावात आहेत तिथे अंगावर लंगोटाएवढंच वस्त्र असलेली, घडवलेली शरीरं रोज सकाळ-संध्याकाळ मेहनत करत असतात. शाहू महाराजांनी कुस्तीला आणि कलेला एकाच वेळी आश्रय दिला, त्याचा फायदा आपण अजून घेत नाही. मात्र रीत सांभाळून जा. आधी वस्तादांना भेटा, काय करणार ते सांगा. पायताण बाहेर काढा, मारुतीला नमस्कार करा, आखाड्याच्या मातीत पाय ठेवू नका. पहिल्या दिवशी कॅमेरा काढू नका, वहीसुद्धा नाही काढलीत तरी चालेल. बायकांना तालमीत येऊ देत नाहीत अशी रीत बऱ्याच ठिकाणी अजून आहे. तुमच्या बाबतीत ती आडवी आली तर वाद घालत बसू नका. जिल्ह्यात मुलीही आता कुस्ती करतात, त्यांच्या सराव केंद्रांवर परवानगी काढा. ती शरीरं शिल्पात फारशी आलेलीच नाहीत, म्हणजे तुमच्या हाती उलट जास्त लागेल. खासबागेतली कुस्तीची मैदानं तर सगळ्यांना खुली असतात.

पैलवान काढताना नवखा माणूस दंड आणि छाती काढतो. तुम्ही पाऊल बघा. पवित्र्यात उभ्या पैलवानाची टाच मातीला जेमतेम टेकलेली असते, भार पुढच्या चवड्यावर असतो, गुडघे मोडलेले असतात आणि डोकं पावलांच्या पुढे गेलेलं असतं. ओळंबा टाकला तर तो पडायला हवा, पण समोरच्याच्या खांद्यावर टेकल्यामुळे पडत नाही. दोन शरीरांचं मिळून एक वजन झालेलं असतं. जोडीचं शिल्प करायचं मनात असेल तर हे समजल्याशिवाय मातीला हात लावू नका. पुतळ्यातल्या बहुतेक कुस्त्यांमधे दोघं एकमेकांना मिठी मारून फोटोला उभे राहिल्यासारखे दिसतात, त्याचं कारण हेच. थकून बसलेला, अंगाला माती फासून घेतलेला पैलवानही बघा. आणि म्हातारे वस्ताद तर बघाच: कान चेपलेले, मान खांद्यात गेलेली, पोट सुटलेलं, पण बसणं अजून पवित्र्यातलं.

आता शिल्पाकडे. मी सुरुवात इथूनच करायला सांगेन, कारण माती खोटं खपवून घेत नाही. कागदावर लटकलेला माणूस चालून जातो. मातीतला माणूस आतल्या सांगाड्यात भार नीट बसला नसेल तर रात्रीतून खाली बसतो. दीड फुटाची उभी फिगर घ्या. पाटावर लोखंडी दांडा, त्याला अॅल्युमिनियमच्या तारेचं आर्मेचर म्हणजे आतला सांगाडा, आणि धडाच्या ठिकाणी लाकडाच्या दोन पट्ट्यांची फुली तारेनं टांगायची, तिला स्टुडिओत बटरफ्लाय म्हणतात. ती मातीचा गोळा धरून ठेवते. तार वाकवतानाच कमरेचा आणि खांद्यांचा कल द्यायचा. मग माती चढवायची ती आधी ठोकळ्यांनी: बरगड्यांचा पिंजरा एक ठोकळा, कंबर एक, डोकं एक. या तीन ठोकळ्यांचे एकमेकांशी असलेले कोन जमले की फिगर जमली. स्नायू हे पुढचं काम. पाटाला फिरतं स्टँड हवंच, कारण दर थोड्या वेळानं फिरवायचं असतं. समोरून छान दिसणारी आणि बाजूनं फळी झालेली फिगर हा फोटोवरून शिकल्याचा पुरावा असतो.

काम ओलं ठेवायला सुती फडका आणि वर प्लॅस्टिक. माती सुकून तडकायच्या आत साचा घ्यायचा. साच्याचा पहिला हात पातळ आणि रंग घातलेल्या प्लास्टरचा असतो, वरचा जाड पांढरा. ओतकाम झाल्यावर छिन्नीनं साचा फोडताना तो रंग दिसला की हात हलका करायचा, कारण खाली लगेच मूर्ती आहे. कुणी दाखवल्याशिवाय हे करू नका. एखाद्या कारखान्यात जाऊन उभ्या राहा, बघा, मग करा.

फोटोवरून काम करण्याबद्दल मला जे म्हणायचंय ते माझ्या धंद्यातूनच सांगतो. आमच्याकडे अर्धपुतळ्याचं काम येतं तेव्हा बहुतेक वेळा घरचे लोक एकच फोटो आणतात. पासपोर्ट आकाराचा, समोरून फ्लॅश मारलेला. त्यात नाकाची उंची कळत नाही, कपाळाचा उतार कळत नाही आणि डोक्याचा मागचा भाग तर नसतोच. माणूस गेलेला असतो. मग मी लग्नाचा अल्बम मागतो, कारण त्यात हार घालताना वगैरे बाजूचा चेहरा हमखास सापडतो. भाऊ-बहिणींना बोलावतो, घराण्याचं नाक त्यांच्यात मिळतं. गेलेल्या माणसाची जुनी टोपी मागतो. टोपीच्या घेरावरून डोक्याचं माप निघतं, आतल्या मळक्या पट्टीवरून ती कपाळावर किती खाली बसत होती ते कळतं. सदऱ्याची गळपट्टी मानेचं माप देते. चष्मा असला तर काड्यांची लांबी म्हणजे नाकापासून कानापर्यंतचं अंतर. पूर्ण पुतळा असेल तर पायताण मागतो. टाच कुठल्या बाजूनं झिजलीय त्यावरून माणूस भार कसा टाकत होता ते दिसतं. घरच्यांना आधी हे विचित्र वाटतं, पण पायताण हातात घेतलं की मुलगा आपणहून सांगायला लागतो, 'आण्णा जरा बाहेर फेंगडे चालायचे.' त्या वाक्याचा उपयोग फोटोपेक्षा जास्त होतो.

सार्वजनिक जागेतल्या पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. तिथे साम्य बघतात, शरीराची ठेवण बघतात. पण उभं राहणं कुठल्या नमुन्यात मोजता येत नाही, ते तुमचं तुम्हालाच बघावं लागतं. कावळा नाक्यावरचा रवींद्र मेस्त्रींचा ताराराणींचा अश्वारूढ पुतळा रोज बघतो म्हणून आपण बघतच नाही. घोडा मागच्या पायांवर उठलेला, वर राणी, आणि ब्राँझचा सगळा भार त्या अरुंद जागेतून चौथऱ्यात उतरवलेला. सिग्नल लागला की गाडी बाजूला घेऊन एकदा तिन्ही बाजूंनी चक्कर मारा.

टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात तर जायलाच हवं. तिथे ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती आहे. रोमनांशी व्यापार चालायचा त्या काळात समुद्रापलीकडून आलेली, उंचीला वीतभरही नाही. ग्रीक समुद्रदेव पंचगंगेच्या काठावर मातीत पडून होता. तिचा भार कुठल्या पायावर आहे आणि त्याचा खांद्यापर्यंत काय परिणाम झालाय, ते काचेतून बघून वहीत काढा. मग सुट्टीच्या दिवशी शिरोळ तालुक्यात खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात जा. स्वर्गमंडपाच्या उघड्या छताखाली दिक्पाल आहेत, बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी आहेत. त्या बायका त्रिभंगात उभ्या आहेत, म्हणजे कल आहे, भारही आहे, पण स्नायू कुठेच दाखवलेला नाही. कातडीच्या आत मांस नाही, श्वास भरलाय. भाकरी फुगावी तसा देह आतून भरलेला. शिलाहारांच्या काळातल्या त्या कारागिरांना शरीर माहीत नव्हतं असं समजू नका. त्यांनी तालमान नावाच्या मापांच्या शास्त्रानं काम केलं. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, देवाच्या मूर्तीची उंची नऊ ताल. आपल्या वर्गात शिकवतात ते पूर्ण उंचीला साडेसात डोक्यांचं माप १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झाल्यानंतरच्या विलायती शिक्षणातून रुजलं. दोन्ही मापं पाठ करा आणि समोरच्या माणसाला दोन्ही लावून बघा. तो कशातच बसणार नाही. कसा बसत नाही, तेच त्याचं व्यक्तिचित्र.

चित्रात वजनाच्या बरोबरीनं कातडी येते. इथे पुस्तकांनी आपलं थोडं नुकसान केलंय, कारण त्यातल्या रंगांच्या कृती गोऱ्या कातडीच्या आहेत. गुलाबी सावली, पिवळसर उजेड. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ते लावलं की माणूस पावडर लावल्यासारखा दिसतो. सावळी कातडी उजेडाला आरशासारखा जवाब देते. घामेजलेल्या खांद्यावर आभाळाचा निळा थेट दिसतो, आणि त्या चकाकीच्या शेजारीच गडद तपकिरी असतो, मधल्या छटा थोड्या. तालमीत हे अगदी स्पष्ट दिसतं. वरच्या झरोक्यातून निळसर उजेड खांद्यावर पडलेला असतो आणि आखाड्याच्या तांबड्या मातीवरून परतलेला उजेड हनुवटीखाली, काखेत, मांडीच्या आतल्या बाजूला लाल होऊन बसतो. म्हणजे वरून थंड, खालून ऊन. हे डोळ्यांनी एकदा पाहिलं की पॅलेट आपोआप बदलतो: यलो ओकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, अल्ट्रामरीन, पांढरा. काळा रंग डबीतच राहू द्या. कॅनव्हास पांढरा ठेवू नका, आधी मातकट रंगाचा एक पातळ हात द्या. सावल्या त्यातच सोडून द्यायच्या, रंग उजेडाला घालायचा.

सावळाराम हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या बाईचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं असेल, मूळ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधे आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगातलं आहे, म्हणजे चूक पुसायची सोय जवळजवळ नाही. ज्योतीपुढे धरलेल्या हाताची बोटं आतून तांबडी उजळलेली आहेत, तो उजेड रंगवलेला नाही, कागद राखून काढलेला आहे. त्यासाठी हळदणकरांची मुलगी उभी राहिली होती, आणि त्या पुढे इथे कोल्हापुरातच राहिल्या, शंभरी ओलांडून २०१८ साली गेल्या. घरचंच माणूस, अंगभर साडी, हातात दिवा, एवढ्यावर ते चित्र झालं. मॉडेल नाही म्हणून अडून बसलेल्यांना मी हेच सांगतो. आजी आहे ना घरात? दुपारी ती लवंडते तेव्हा बसा वही घेऊन.

आता कॅमेरा. फोटोला शरीराचं वजन आपोआप मिळत नाही, ही लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट आहे. १८७८ साली मायब्रिज या फोटोग्राफरनं धावत्या घोड्याचे ओळीनं फोटो काढले आणि चित्रकार घोडा चुकीचा काढत होते हे सिद्ध झालं. पुढे त्यानं चालणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, घागर उचलणाऱ्या नग्न माणसांचेही शेकडो तक्ते केले. त्यावर फ्रेंच शिल्पकार रोदाँचं म्हणणं उलटं होतं: खरं बोलतो तो कलावंत, फोटो खोटं बोलतो, कारण प्रत्यक्षात काळ थांबत नसतो. त्याच्या चालणाऱ्या सेंट जॉनचे दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले आहेत. चालताना असं होत नाही, फोटोत तर कधीच येणार नाही. तरीही तो पुतळा चालतो, कारण मागच्या पायावरून पुढच्या पायावर जाणारा भार त्यानं एकाच शरीरात बसवला. फोटोग्राफरला हे करता येत नाही. त्याला चालण्यातला तो एकच क्षण शोधावा लागतो ज्यात आधीचा आणि नंतरचा भार दिसतो. तो क्षण साधारण पाऊल टेकतं तेव्हाचा असतो, उचललेल्या पायाचा नाही. दंड-बैठका मारणाऱ्याचा फोटो काढायचा तर सगळ्यात खाली गेल्यावर, वर येण्यासाठी जोर लागतो तेव्हा.

बाकी तंत्र थोडक्यात. शरीराची मोडतोड लेन्स करत नाही, अंतर करतं. हातभरावरून चेहरा घेतला की नाक मोठं, कान गायब. चेहऱ्यासाठी दीड-दोन मीटर मागे जा, पूर्ण अंगासाठी चार-पाच मीटर, आणि कॅमेरा उभ्या माणसाच्या पोटाच्या उंचीवर धरा. मोबाइल असेल तर मागे सरकून झूम करा. उजेड एकाच बाजूनं येऊ द्या, खिडकी पुरते. स्नायू दाखवायचे तर तिरपा, वय दाखवायचं तरीही तिरपा, फक्त जरा मऊ. तालमीसारख्या अंधाऱ्या जागी कॅमेरा फसतो. त्याला सगळं मध्यम करड्यावर आणायचं असतं, म्हणून तो अंधार उजळतो आणि खांद्यावरची चकाकी पांढरीफटक होते. एक्स्पोजर कमी करा, किंवा उजेडातल्या सावळ्या कातडीवरच मोजमाप घ्या. आपली कातडी बहुधा त्या मध्यम छटेच्या आसपासच असते.

तीन माध्यमांतून एक निवडायचा तुमचा पेच कोल्हापुरात बसून पडावा हे मला नवल वाटतं. बाबूराव पेंटर तिन्ही करत होते. कुठल्या कला शाळेत न जाता मावसभाऊ म्हणा, आत्येभाऊ म्हणा, पण घरच्याच आनंदराव पेंटरांबरोबर नाटकाचे पडदे रंगवले, व्यक्तिचित्रं केली, मूर्ती केल्या, आणि सिनेमाचा कॅमेरा विकत मिळेना तर स्वतः बनवला. १९२० साली 'सैरंध्री' काढला. पडद्यावर रंगवलेली दृश्यं मागे टांगायची रीत मोडून त्यांनी घन, खरेखुरे सेट उभे केले. हा शिल्पकाराचा स्वभाव. माणसाच्या मागे खरी भिंत असेल तर माणसाची सावली तिच्यावर खरी पडते. शिवाजी चौकातला १९४५ सालचा महाराजांचा अर्धपुतळाही त्यांचाच. मी त्यांना थोर म्हणून उदाहरण देत नाही, तर एका माध्यमातलं दुसऱ्यात कसं कामाला येतं ते दिसावं म्हणून.

इंटरनेटवरच्या फोटोंवरून काढणं बंद करा असं मी म्हणणार नाही, तुम्ही ऐकणारही नाही. एक अट घाला. ज्या पोझमधे फोटो आहे त्या पोझमधे आधी स्वतः उभ्या राहा. कुठे ताण येतो, कुठली टाच उचलावीशी वाटते ते अंगाला कळू द्या आणि मग काढा. जी पोझ तुम्हाला पाच मिनिटं धरता येत नाही ती बहुतेक मॉडेलनं क्षणभरच धरलेली असते. आता तर यंत्रानं तयार केलेली माणसंही त्या फोटोंत मिसळलेली असतात. त्यांची बोटं हल्ली बरोबर येतात, पण भार पुष्कळदा कुठेच उतरत नाही. ती ओळखायची परीक्षाही ओळंब्यानंच करा.

नग्न मॉडेलबद्दल. सुरुवातीला त्याची गरज नाही. पुढे आहे. वस्त्र हे शरीर झाकतं तसं सांगतंही: नऊवारीचा काष्टा मांडी आणि पोटरीचा आकार बांधून दाखवतो, पदर खांद्याच्या टोकावरून आणि कुल्ह्यावरून सुटतो. शिल्पकार म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी' अंगभर साडीत आहे आणि आत शरीर आहे याबद्दल कुणाला शंका येत नाही. पण कमरेची हाडं, पाठीचा कणा आणि मांडीचा वरचा सांधा हे तिन्ही एकाच वेळी दिसण्यासाठी कधी तरी विवस्त्र शरीर बघावं लागतं. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला 'उघडं शरीर कशाला बघतोस' असं आपण का विचारत नाही?

कायद्याची भीती घालणारे भेटतील. चित्रकार अकबर पदमसींवर १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीतल्या 'लव्हर्स' या चित्रांवरून अश्लीलतेचा खटला झाला होता, ते निर्दोष सुटले. टेनिसपटू बोरिस बेकरच्या नग्न फोटोच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं की नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे. कायद्यापेक्षा मला काळजी मॉडेलची वाटते. मॉडेल सज्ञानच हवी, लेखी संमती हवी, पैसे ठरवून आणि वेळेवर द्यायचे, वीस मिनिटांनी विश्रांती, कपडे बदलायला आडोसा, आणि खोलीत मोबाइल कुणाचाही नाही, तुमचाही नाही. फोटो काढायचा असेल तर ती वेगळी बैठक, वेगळी संमती, आणि तो कुठे जाणार ते कागदावर. मुलींनी मिळून एखाद्या बाईला मॉडेल बसवलं आणि एखादी शिक्षिका हजर असली तर घरीही सांगता येतं. नाही सांगता आलं तर थांबा. तोवर आरसा आहे, स्वतःचं शरीर आहे.

'आता फिगर कोण करतं?' याला उत्तर द्यायची गरज नाही. विचारणाऱ्याला चौकातल्या पुतळ्यांभोवती एक चक्कर मारून आणा.

क्रम विचारलात तर: हे वर्ष वही आणि ओळंबा, त्याच्या जोडीला दीड फुटाच्या मातीच्या फिगर, मोडून पुन्हा पुन्हा, साचा न काढता. रंग पुढच्या वर्षी. कॅमेरा मधे मधे, पण ज्या शरीराची निदान दहा रेखाटनं झालीत त्याचाच. मातीला शाडू घ्या. आपल्याकडे तो बहुतेक गुजरातेतून येतो, बापट कॅम्पात किंवा शाहूपुरीत कुंभारांकडे सुटा मिळतो. उन्हाळ्यातच घेऊन ठेवा आणि ओल्या गोणपाटात झाकून ठेवा. जून उलटल्यावर गेलात तर गणपतीच्या घाईत कुंभार तुम्हाला दारात उभंही करणार नाहीत.